खोबरचा तानाजी

अमेरिकेशी आमच्या घराचं वैर होतं आणि ते ज्वारीवरून होतं. मोठ्या दुष्काळात रेशनवर मिलो नावाची लाल ज्वारी आली. ती अमेरिकेची, असं सगळे सांगत. तिची भाकरी थापायला घेतली की आईच्या हातात चिरायची, तव्यावर करपायची आणि घशाखाली उतरायला ताक मागायची. मी तेव्हा जन्मले नव्हते, पण त्या भाकरीची चव मला तात्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकून माहीत आहे की आजही कुणी मिलो म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. तात्या म्हणजे माझे वडील. ते म्हणायचे, "तिकडं डुकरं खात न्हाईत ती जवारी, आन् ती आमच्या ताटात आली." त्याच्या आदल्याच साली, बांगलादेशच्या लढाईत, अमेरिकेनं आपल्या अंगावर आरमार धाडलं होतं, तेही त्यांनी मनात ठेवलं होतं. आरमार एक वेळ माफ झालं असतं. ज्वारी माफ होण्यासारखी नव्हती.

आमचं घर डिंगोऱ्यात, कल्याण-नगर रस्त्यापासून दोन शेतं आत. कांद्याचे ट्रक माळशेज उतरून कल्याणला जायचे, त्यांच्या गिअर बदलण्याचा घरघराट आमच्या घरात घड्याळासारखा ऐकू यायचा. पहाटे म्हशीच्या धारेचा चुर्रचुर्र आवाज, मग आईच्या भाकरीचा थप-थप, मग तात्यांचा रेडिओ. या तिन्हींचा क्रम कधी चुकला नाही. रेडिओ कातडी पिशवीतला होता आणि तात्या तो शेतात औताच्या जुवाला अडकवून न्यायचे. बैलांनी जेवढ्या बातम्या ऐकल्या तेवढ्या आमच्या कॉलेजातल्या प्राध्यापकांनी ऐकल्या नसतील.

माझा थोरला भाऊ बबन. मी त्याला दादा म्हणायचे. त्याला शेतीपेक्षा चुलीची ओढ. गावात लग्न असलं की हा मांडवात नवरदेवाकडं बघायचाच नाही, सरळ मागं जाऊन कढईपाशी उभा राहायचा. मासवडीचं सारण किती तिखट हवं यावरून त्यानं एकदा स्वतःच्या चुलत्याशी भांडण केलं होतं. तात्यांना हे पटायचं नाही. "औत धरायचं सोडून डाव कुठं धरतो?" असं ते म्हणायचे. मग दादा कल्याणला एका कारखान्याच्या कँटीनमध्ये लागला, तिथून कुणाच्या तरी ओळखीनं सौदी अरेबियात गेला. गावाचं नाव अल खोबर. आईनं ते ऐकल्याबरोबर, "खोबर म्हंजी खोबरंच की, शुभ नाव हाय," असं म्हणून टाकलं, आणि आमच्या घरात ते गाव खोबरच राहिलं.

पत्र लिहायचा दादाला कंटाळा. तो कॅसेट पाठवायचा. त्या काळात आखातात गेलेली बहुतेक माणसं हेच करायची. ओतूरचा एक ड्रायव्हर त्याच बाजूला कामाला होता, तो सुट्टीवर आला की पिशवीतून कॅसेट काढून द्यायचा. मग आम्ही टेपरेकॉर्डर ओसरीवर ठेवायचो, तात्या भिंतीला टेकायचे, आई पदर डोक्यावर घेऊन बसायची. पदर का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, "एवढ्या लांबून बोलतोय त्यो." दादा पहिला अर्धा भाग सगळ्यांची नावं घेऊन रामराम घालण्यात घालवायचा, त्यात बैलांचीही नावं असायची. मागं कुठं तरी भांडी आपटायची, कुणी तरी मल्याळी बोलायचं. आईला ती भांडी ऐकायला फार आवडायची. म्हणायची, "भांडी वाजत्यात म्हंजी काम हाय, काम हाय म्हंजी जेवण हाय."

मग इराकनं कुवेत गिळलं. तात्यांच्या रेडिओला जणू नवे सेल बसले. आमच्या फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलात सकाळी बैठक भरायची आणि त्या बैठकीत सगळं गाव इराकच्या बाजूचं होतं. का होतं, ते आज नीट सांगता येत नाही. इराक आपल्याला तेल देतो, आपल्या बाजूनं बोलतो, असं तात्या सांगायचे. पण खरं कारण मला वाटतं एवढंच होतं की कुणी तरी एक गडी अमेरिकेपुढं मान ताठ करून उभा राहिलाय, याचाच लोकांना आनंद होता. पुढं आमच्या मुंबईच्या विमानतळावर अमेरिकेची विमानं तेल भरून घेतात अशी बातमी आली तेव्हा तर तात्यांनी दोन दिवस चहात साखर घेतली नाही. त्याचा अमेरिकेवर काय परिणाम झाला ते कळलं नाही. रॉकेलसाठी मात्र रांगा लागल्या आणि त्या रांगेत उभं राहायला आई जायची.

अशात दिवाळीच्या सुमारास कॅसेट आली. रामराम, बैल, भांडी, सगळं झालं आणि मग दादा म्हणाला, "तात्या, तुमी रागवाल, पण सांगतो. आमच्या कंपनीला अमेरिकेच्या लष्कराला जेवण द्यायचं काम मिळालंय. लई सैन्य आलंय हिकडं. मी आता त्यांच्यासाठी सैपाक करतो."

 तात्यांनी बटण दाबून टेप बंद केला. "ज्यांनी आमाला मिलो घातली," ते म्हणाले, "त्यांना ह्यो काय घालतोय, ते इचारा."

"बंद केल्यावर कसा सांगंल?" आई म्हणाली आणि तिनं टेप चालू केला.

दादा सांगत होता: बटाटे, अंडी, कोंबडी, पाव, आणि दुसरंही काही असतं, पण ते मी नाय करत, केरळची पोरं करतात. मग म्हणाला, इथं दारूला बंदी आहे, म्हणून हे एवढे दांडगे शिपाई गोळ्या-चॉकलेटांवर दिवस काढतात. मग कुणाला तरी जवळ ओढल्याचा, हसण्याचा आवाज आला आणि एक भलताच घोगरा, कोवळा गळा टेपमध्ये बोलला, "आय्, जेव्लीस्का?"

तात्या म्हणाले, "ह्ये रशियन हाय का?"

आम्ही तेवढा भाग पुन्हा पुन्हा लावला. तिसऱ्या-चौथ्या खेपेला आईलाच कळलं. तिनं तोंडाला पदर लावला. "आई, जेवलीस का, म्हंतोय. मला इचारतोय, आगं."

तो पोरगा रोज दादाच्या रांगेत जेवायला यायचा. वय दादापेक्षाही कमी. घरी त्याचीही आई होती आणि बापाची शेती होती, मका की काय तरी. दादानं त्याला एवढं एकच वाक्य शिकवलं होतं. नाव टॉमी. इथं अडचण झाली. आमच्या आळीत दोन टॉमी होते आणि दोघंही भुंकायचे. आई म्हणाली, "असल्या गुणाच्या पोराला कुत्र्याचं नाव कसं ठिवलं ह्याच्या आईनं? मी न्हाई त्या नावानं हाक मारायची." तिनं जरा विचार केला आणि त्याला तानाजी करून टाकलं. त्या दिवसापासून आमच्या घरात अमेरिकेचं सैन्य म्हणजे तानाजी आणि त्याच्या बरोबरची माणसं.

आईनं उलटी कॅसेट भरायचं ठरवलं. ड्रायव्हर परत जायच्या आत ती मला शेजारी बसवून टेपसमोर बोलली. मी बटण धरून होते. आधी दादाला चार शब्द, मग घसा साफ करून, जरा वरच्या आवाजात, परक्या माणसाशी बोलतात तसं: "तानाजी, बाबा, जेवत जा. आमचा बबन वाढताना हात आखडतो, तर लाजू नको, मागून घे. पाणी उकळून पी. उन्हात टोपी घाल." इतक्यात कोंबडा आरवला. मी थांबवणार होते, पण तिनं हात धरला. "असू दे, त्याला बी कळंल का शेतकऱ्याचं घर हाय." तात्या गोठ्यात होते आणि ऐकत नव्हते, फक्त म्हशीला पेंड घालायला त्यांना त्या दिवशी फार वेळ लागला.

पुढची कॅसेट आली त्यात बातमी होती की अमेरिकेचे अध्यक्ष त्यांच्या कुठल्याशा सणाला वाळवंटात शिपायांबरोबर जेवायला येऊन गेले. तो सगळा बेत दादाच्या कंपनीच्या भटारखान्यातून गेला होता का, ते दादानं सांगितलं नाही. त्यानं सांगितलं ते इतकंच, की त्या दिवशी परदेशी आचाऱ्यांना सकाळीच कुंपणाबाहेर काढलं आणि त्यांनी रस्त्याच्या कडेला बसून ब्रेड खाल्ला. गावानं मात्र पुढचं सगळं स्वतःच शिजवलं. महिनाभरात, अमेरिकेच्या अध्यक्षानं आमच्या बबनच्या हातची मासवडी खाल्ली आणि अजून वाढा म्हणाला, असं ओतूरच्या बाजारात लोक सांगू लागले. ज्यांनी फाट्यावर अमेरिकेच्या नावानं बोटं मोडली तेच हे सांगत होते. तात्यांनी ते खोडून काढलं नाही. फक्त म्हणाले, "खाल्ली आसंल तर तिखटानं मेला का न्हाई अजून?"

कांतीशेठचं किराणा दुकान फाट्याजवळ होतं. त्यांचे आजोबा मारवाडातून आले होते, पण कांतीशेठ आमच्याइतकेच डिंगोऱ्याचे, शिवी देताना सुद्धा आमचीच देत. फक्त ती मांसाहारी नसायची. गावात फोन त्यांच्याकडं. त्यांना दादाच्या नोकरीचा फार घोर लागला होता. मी साखर आणायला गेले की हळूच विचारायचे, "सुमन, बबन कोंबडी कापतो का नुसती शिजवतो?" मी सांगायचे, बटाटे सोलतो. ते म्हणायचे, "जमिनीखालचा आहे, आम्हाला तोही चालत नाही. पण त्यातल्या त्यात बरं."

थंडी सरता सरता लढाई सुरू झाली आणि इराकनं सौदीवर स्कड नावाची क्षेपणास्त्रं सोडायला सुरुवात केली. मी कॉलेजच्या वाचनालयातून नकाशाचं पुस्तक आणलं आणि खोबर शोधलं. समुद्राच्या काठाला तीन नावं अशी जवळ छापली होती की अक्षरं एकमेकांत शिरत होती: दम्माम, दहरान, अल खोबर. आमच्याकडं डिंगोरे, उदापूर आणि ओतूर जसं, तसंच. मी तात्यांना दाखवलं. चष्मा नव्हता, ते म्हणाले, "बघितलं." आता वाटतं, चष्मा आणून दिला असता तर पुढची ती सकाळ जरा वेगळी गेली असती. पण तेव्हा मला वाटलं, बघितलं म्हणजे बघितलं.

त्या सकाळी मी फाट्यावर जुन्नरच्या एसटीची वाट बघत होते. हॉटेलाच्या बाकड्यावर नेहमीची मंडळी, मध्ये तात्यांचा रेडिओ. बातम्या सुरू झाल्या. इराकचं सैन्य कुवेतमधून मागं हटतंय, हे ऐकून बाकडं उदास झालं. मग बातमीदार म्हणाला की काल सौदी अरेबियात दहरानजवळ एक स्कड अमेरिकी सैनिकांच्या बराकीवर पडलं, बरेच सैनिक मारले गेले.  मग कुणी तरी "बसला!" असं ओरडलं आणि टाळ्या वाजल्या. कुणी तरी शिट्टी घातली. तात्यांनी मांडीवर थाप मारली. "लई माजले व्हते," ते म्हणाले, "आता कळंल." हॉटेलवाल्यानं सगळ्यांना आपल्याकडून चहा सांगितला. त्याच्या हयातीत हे पहिल्यांदाच घडलं होतं.

माझ्या डोळ्यांपुढं नकाशातली ती तीन नावं आली. मी रस्ता ओलांडून बाकड्यापाशी गेले. पुरुषांच्या घोळक्यात जायची पद्धत नव्हती. तात्यांनी मान वर केली. चेहरा हसरा होता, सांगितलेला चहा अजून हातात यायचा होता.

"तात्या," मी म्हणाले, "दहरान म्हणजे खोबरच."

"खोबर येगळं," ते म्हणाले. "आपला बबन खोबरला हाय."

"शेजारीच आहे. आपल्याला ओतूर आहे तेवढंही लांब नाही. दादा त्यांच्याच बराकींत जेवण देतो."

तात्यांचा हात अजून मांडीवरच होता. तो त्यांनी उचलला आणि बघितला, जणू तो दुसऱ्या कुणाचा तरी तिथं राहिला होता. रेडिओवर बाजारभाव सुरू झाले होते. कांदा उतरला होता. चहा आला आणि कुणीच घेतला नाही. माझी एसटी आली, थांबली, गेली.

आम्ही कांतीशेठकडं धावलो. दादाच्या मुंबईच्या एजंटाचा नंबर माझ्याकडं होता. ट्रंक कॉल लावला, तर तिकडं कुणी उचललं की लाइन तुटायची, लाइन लागली की कुणी उचलायचं नाही. खोबरला थेट लावायचा प्रयत्न केला तर ऑपरेटर बाई हसली. कांतीशेठनी दुकानाची अर्धी फळी लावून घेतली आणि फोनपाशी पोतं टाकून बसले. दुसऱ्या कुणाला फोन करू देईनात. एक व्यापारी नारायणगावला टोमॅटोचा भाव विचारायचा म्हणून हटून बसला, त्याला ते म्हणाले, "तुमचा टोमॅटो सडला तर दुसरा येईल." आम्ही बाहेर पडताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "कोंबडी कापू दे, काहीही कापू दे," ते पुटपुटले, "पोरगं धड असू दे."

आईला सांगायचं नाही असं तात्यांनी रस्त्यातच ठरवलं. घरी जाऊन त्यांनी रेडिओचे सेल काढले आणि सेल गेले म्हणून सांगितलं. पण दुपारपर्यंत फाट्यावरचं सगळं बाकडं आमच्या ओसरीवर येऊन बसलं. सकाळी शिट्टी घातलेला, टाळ्या वाजवलेले, सगळे.  सरपंच आले, म्हणाले, अमेरिकेच्या अध्यक्षाला तार करू, त्यानं आपल्या बबनचं खाल्लंय, ओळख काढंल. कुणी म्हणालं, इराकच्या वकिलातीला बी करू, गाव त्यांच्या बाजूचं हाय असं कळवू. दोन्ही तारा एकाच पोस्टातून कशा करायच्या, यावर जरा वेळ गंभीर चर्चा झाली. आई चुलीपाशी बसून हे ऐकत होती. तिनं सगळ्यांना चहा केला, कपबशा आणून ठेवल्या आणि मग तात्यांना विचारलं, "बबन का तानाजी?"

तात्या म्हणाले, "ठाऊक न्हाई."

ती परत आत गेली. भाकरीला बसली. एवढ्या माणसांचं जेवण लागणारच, असं ती म्हणाली. मी पीठ मळून दिलं. ती थापत होती आणि मध्येच हात थांबायचा, तेव्हा घरात जी शांतता व्हायची ती मला ट्रकच्या घरघराटापेक्षा मोठी वाटायची. ते पुढचे दिवस कसे गेले त्याचा हिशोब माझ्याकडं नाही. तात्या शेतात जायचे, पण बैल जुंपायचे नाहीत. बांधावर बसायचे. लढाई संपल्याची बातमी आली ती त्यांना दुसऱ्यानं सांगितली. आपण जिंकलो का हरलो, असं त्यांनी विचारलंही नाही.

मग एका दुपारी कांतीशेठ स्वतः पळत आले. त्यांना पळताना गावानं कधी पाहिलं नव्हतं, म्हणून त्यांच्यामागं अर्धी आळी पळत आली. दादाचा फोन आला होता, तो परत करणार होता. आम्ही तिघं दुकानात जाऊन उभे राहिलो. घंटा वाजली. तात्यांनी रिसीव्हर उलटा धरला, मी सरळ करून दिला.

"तात्या, मी हाय. बबन."

तात्यांनी तोंड उघडलं. एवढे दिवस मनात काय काय जुळवलं असेल, कुणास ठाऊक. बाहेर आलं ते एवढंच, "जेवलास का?"

मग त्यांनी रिसीव्हर आईच्या हातात दिला. आई ओरडली, "आरं, तानाजी कुठंय?" आणि लाइन तुटली.

दादा पावसाळ्याच्या तोंडाशी घरी आला. बारीक झाला होता. डाव्या कानानं कमी ऐकू येत होतं, म्हणून माणूस बोलायला लागलं की मान तिरकी करायचा. लोकांना वाटायचं परदेशातनं अकड शिकून आला. आईनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, त्याला आत घेतलं, पाट मांडला, आणि पहिला घास त्याच्या तोंडात जायच्या आत विचारलं, "तानाजी?"

दादानं घास खाल्ला. "गेला की घरी, अमेरिकेला," तो म्हणाला. "तुला रामराम सांगितलाय. तुझी कॅसेट त्यानं लई येळा ऐकली. कोंबडा वरडला का हसायचा."

आईनं डोळे पुसले आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

गावानं सत्कार केला. शाल, नारळ, लाउडस्पीकर. सरपंचांनी भाषणात सांगितलं की जगातल्या सर्वांत बलाढ्य सैन्याला डिंगोऱ्याच्या सुपुत्रानं उपाशी मरू दिलं नाही, आणि त्याच भाषणात इराकच्या शौर्याचंही कौतुक केलं. दोन्हींना टाळ्या पडल्या. दादाला बोला म्हणाले. तो उठला, माइकपाशी मान तिरकी करून उभा राहिला. "मी बटाटे सोलले," म्हणाला आणि बसला. लोकांना तो नम्रपणा वाटला. त्यालाही टाळ्या पडल्या.

खरं आम्हाला कळलं ते दोन-चार दिवसांनी, कांद्याच्या बराखीत. कांदा साठवायच्या जाळीच्या खोपीला आमच्या भागात बराख म्हणतात. हा शब्द लष्करातून आलाय, हे मला पुष्कळ नंतर कळलं. तात्या, दादा आणि मी सडका कांदा निवडत होतो. तात्या मान खाली घालूनच म्हणाले, "त्या पोराचं काय झालं?"

दादानं हातातला कांदा चाचपला, सडका नव्हता, तरी बाजूला टाकला. "त्याला त्या पत्र्याच्या गोदामात हलवलं व्हतं झोपायला," तो म्हणाला. "ज्याच्यावर पडलं, तिथंच. आमी भांडी घासत व्हतो. आवाज झाला का कान गेला, मग काय ऐकूच आलं नाय. लोकं तोंडं उघडून पळत व्हती, आवाज न्हाई. आमी पाणी नेलं, चादरी नेल्या. जवळ जाऊ दिलं नाय. सकाळी आमाला सांगितलं, नाश्ता येळेवर लावायचा. लावला. अंडी केली. रांग आली, त्यो आला नाय. दुसऱ्या दिशी बी नाय. एका साहेबाला इचारलं तर म्हनला, किचनमधी जा."

"म्हंजी मेला का न्हाई, ठाऊक न्हाई," तात्या म्हणाले.

"आचाऱ्याला कोन सांगतंय, तात्या?"

 बाहेर आईचा आवाज येत होता, ती शेजारणीला सांगत होती की तानाजी सुखरूप घरी पोचला, त्याच्या आईचा जीव भांड्यात पडला असंल. तात्या उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "आईला सांगितलंय तेच खरं. कुणी बदलायचं न्हाई." इतकी वर्षं अमेरिकेवर नाराज असलेल्या माणसानं अमेरिकेच्या एका शिपायाला असं एका वाक्यात जिवंत ठेवलं.

ते सोपं गेलं नाही. आई विसरणाऱ्यांपैकी नव्हती. दादाला ती दर सणाला विचारायची, तानाजीचं काय? मग तानाजीचं लग्न लावावं लागलं. बायको शेतकऱ्याची लेक असावी, असं तात्यांनी सुचवलं. मी त्याला पेट्रोल पंपावर नोकरी लावून दिली, कारण अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्या नोकरीबद्दल आईनं जास्त विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. मग मूल झालं. एकदा दादाच्या तोंडून 'पोरगा' असं निघून गेलं, आणि मी आदल्या साली पोरगी सांगितली होती. आईनं भाकरी उलथता उलथता मान वळवली. "मागं पोरगी म्हनला व्हतात."

"ती थोरली," तात्या ओसरीवरून म्हणाले. "ह्यो दुसरा."

दादा परत परदेशात गेला नाही. त्यानं फाट्यावर खानावळ काढली. माळशेजला पावसात येणारी मुंबईची गर्दी त्याची मासवडी खायला थांबू लागली. माझं लग्न आळेफाट्याला झालं, मी सणावारी यायचे. तात्या वाकले, आईला कमी दिसायला लागलं. घरात रंगीत टीव्ही आला आणि म्हशीच्या जागी मोटारसायकल उभी राहिली. खोडदला मोठ्या मोठ्या तबकड्या उभ्या राहिल्या होत्या, त्यांतून ताऱ्यांचं बोलणं ऐकतात असं पोरं सांगायची. तात्या म्हणायचे, "मग माझं बी ऐकत आसतील," आणि राजकारणावर बोलताना जरा बेतानं बोलायचे.

आणि मग अमेरिकेचं सैन्य पुन्हा निघालं. या खेपेला थेट बगदादला. मी माहेरी आले होते. उन्हाळा होता, दुपार होती, पंखा गरगरत होता. दादाच्या खानावळीतली, शेजारची पोरं आमच्याच घरी टीव्हीपुढं जमली होती. बगदादवर बाँब पडत होते, आणि ही पोरं, ज्यांच्या बापांनी फाट्यावर इराकसाठी टाळ्या वाजवल्या होत्या, ती आता अमेरिकेची विमानं बघून "काय नेम हाय राव!" म्हणत होती. जग बारा वर्षांत एवढं फिरलं होतं आणि आमचं बाकडं तेवढंच हुशार राहिलं होतं.  तात्या काठीवर हनुवटी टेकून बसले होते.

मग पडद्यावर शिपाई दिसू लागले. हेल्मेट घातलेले, धुळीनं भुवया पांढऱ्या झालेले, वीस-बावीसची पोरं. आई पुढं सरकली. टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन, पदर सावरून, एकेक चेहरा बघू लागली. ती त्याचा आवाज ओळखत होती, चेहरा तिनं कधी पाहिला नव्हता. तरी बघत होती. तिला खरं काय ते ठाऊक होतं का, हे मी तिला कधी विचारलं नाही आणि आता ती नाही. तेव्हाही मला वाटलं, असेल ठाऊक. मग वाटलं, असं बघणाऱ्या माणसाला ठाऊक नसणार.

"बबन," ती म्हणाली, "आपल्या तानाजीला तर परत न्हाई ना बोलावलं?"

पोरांनी वळून तिच्याकडं बघितलं. त्यांना तानाजी कोण ते माहीत नव्हतं. दादानं मान तिरकी केली, चांगला कान तिच्याकडं करून, ऐकू आलं होतं तरी जरा थांबला. "न्हाई, आई," तो म्हणाला. "त्याचं वय झालं आता. म्हाताऱ्यांना नाय घेत."

"म्हातारा कुठं? तुझ्यापरीस लहान हाय त्यो."

 दादानं माझ्याकडं बघितलं. मी उगाच टीव्हीचा आवाज कमी करायला उठले. तेव्हा तात्यांनी काठीवरची हनुवटी उचलली.

"त्याचा गुडघा गेलाय," ते म्हणाले. "पंपावर उभं राहून राहून. तपासलं आन् परत धाडलं. गुडघा गेलेल्याला लढाईवर कसं घेतील?"

आईनं त्यांच्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग टीव्हीपासून मागं सरकली आणि भिंतीला टेकली.

"बरं झालं," ती म्हणाली. "एरंडाचं तेल लावायला सांग म्हनावं. कोमट करून."

"सांगतो," दादा म्हणाला.